भुरीला शिकवताना मीच कुठे चुकतेय ते कळलं

कोपऱ्यातली खुर्ची

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. धागा प्राणिप्रेमींच्या विभागात टाकावा की इथे, यावरच आठवडा गेला. शेवटी इथे टाकतेय, कारण विषय कुत्रीचा असला तरी रडगाणं माझं आहे.

दीड वर्षापूर्वी भुरी आमच्याकडे आली. वय अंदाजे तीन, आधीचं आयुष्य माहीत नाही. बाकी गुणी, पण बेल वाजली की दारावर झेप आणि घर डोक्यावर. आम्ही सगळे मिळून तिच्यावर ओरडायचो. (नंतर ट्रेनर म्हणाले, "तिला वाटत असेल, वा, सगळं घर माझ्यासोबत भुंकतंय!")

हे ट्रेनर पहिल्या दिवशी वीस मिनिटं नुसते बसून होते. मी विचारलं, "हट्टी आहे का हो ही?" तर म्हणाले, "असेल, नसेल. मला त्याचा उपयोग नाही. भुंकायच्या आधी काय झालं आणि भुंकल्यावर तिला काय मिळालं, एवढं सांगा."

मग सुरू झालं चटईचं प्रकरण. फोनवर बेलचा आवाज रेकॉर्ड केला, तो अगदी हळू वाजवायचा. भुरीने चटईकडे नुसतं बघितलं तरी खाऊ. एक पाय ठेवला, खाऊ. दोन पाय ठेवले, खाऊ. अकराव्या दिवशी फोनमधली बेल वाजल्यावर बाई आपण होऊन चटईवर जाऊन आडव्या! मी हवेत. त्याच संध्याकाळी खरी बेल वाजली आणि आम्ही पुन्हा शून्यावर. मी वैतागून म्हटलं, "हिला सगळं येतं, मुद्दाम करते." ट्रेनर हसले. "तिला फोनच्या आवाजावर येतं. दारापलीकडे माणूस उभा असताना येतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

हे वाक्य डोक्यात अडकून बसलं.

आता माझं. मला ईमेलचा आजार आहे. ज्यांना उत्तर देणं अवघड आहे अशा मेल मी उघडते, नाव बघते, बंद करते. रविवारी रात्री शपथ: उद्यापासून नऊच्या आत सगळ्या मेलना उत्तरं. सोमवारी अर्धा तास जमतं. मंगळवारी नाही. बुधवारी रात्री अंथरुणात पडून तासभर स्वतःची खरडपट्टी. आळशी, बेजबाबदार, वगैरे नेहमीचं.

अशाच एका बुधवारी भुरी पायाशी झोपली होती आणि ट्रेनरचं चपलेबद्दलचं बोलणं आठवलं. सकाळी चावलेल्या चपलेसाठी संध्याकाळी रागावलात तर ती चपलेबद्दल काही शिकत नाही, तुमच्या घरी येण्याबद्दल शिकते. मी तर सकाळी नऊची चूक रात्री अकराला ओरडून सांगत होते. आतली कुत्री त्यातून काय शिकणार? मेल म्हणजे रात्रीची बोलणी. म्हणून दुसऱ्या दिवशी हात आणखीच जड.

कुणी हे असं स्वतःवर करून बघितलंय का? काय चाललं, काय फसलं?

तिरकस

म्हणजे आता घरच्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा द्यायचा आणि आपण शेपूट हलवायची? (हलके घ्या.)

पण खरंच शंका आहे. कुत्र्याला भाषा नाही म्हणून बिस्किट लागतं. माणसाला मेल का लिहायची ते कळतं. कळूनही करत नसेल तर ती शिस्तीची बाब झाली, प्रशिक्षणाची नाही.

कोपऱ्यातली खुर्ची

कळतं हो. कळून पंधरा वर्षं झाली.

शिट्टी

पोटापाण्यासाठी हेच करतो, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

"त्याला कळतं पण करत नाही" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकतो. कळलंय की नाही हे तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही. केलं की नाही एवढं दिसतं, आणि कुठे केलं, किती वेळात केलं, आजूबाजूला काय चालू होतं, हेही दिसतं. काम त्यावरच करता येतं.

तिरकस यांच्या बिस्किटाबद्दल. लाच आणि बक्षीस यात फरक वस्तूचा नाही, वेळेचा आहे. आधी दाखवली ती लाच, नंतर मिळालं ते बक्षीस. बिस्किट बघून बसणारा कुत्रा बसायला शिकलेला नसतो, तो हात तपासायला शिकलेला असतो. सुरुवातीला दोनचार वेळा आमिष चालतं, पण लगेच हात रिकामा करावा लागतो. माणसांत हे फार दिसतं. नव्या व्यायामासाठी आधी नवे बूट घेतात. बूट हे आमिष झालं. धावून आल्यावर काय मिळालं, ते कुणी ठरवलेलंच नसतं.

आता क्लिकर, म्हणजे दाबली की टक् वाजणारी छोटी डबी. अनेकांना वाटतं ती टकटक म्हणजे बक्षीस. तसं नाही, तो त्या क्षणाचा फोटो आहे: हे, आत्ता केलंस ते. बक्षीस मागून येतं. डॉल्फिनच्या प्रशिक्षणात याची गरज चटकन समजते. डॉल्फिन उडी मारून हवेत आहे, तिथे त्याच्या तोंडात खाऊ कसा टाकणार? म्हणून उडीच्या टोकाला शिट्टी. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९४० च्या दशकात प्रयोगशाळेतलं हे तंत्र बाहेर आणून त्याचा धंदा केला. हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांच्यामुळे ते पुढे कुत्र्यांच्या मालकांपर्यंत आलं. माझ्या आयडीचं मूळ तिथलंच.

खुर्चीताई, तुमची चूक मला इथून दिसते. आम्ही कुत्र्याला "थांब" शिकवतो तेव्हा तीन गोष्टी वाढवायच्या असतात: किती वेळ थांबायचं, मी किती लांब जायचं, आणि आसपास किती गडबड असायची. एका वेळी एकच वाढवायची आणि ती वाढवताना बाकीच्या दोन खाली आणायच्या. तुम्ही सोमवारी काय केलंत? सगळ्या मेल, नऊच्या आत, त्यात अवघड माणसांच्याही. तिन्ही जिने एकदम. सोमवारी अर्धा तास जमला ते खरं तर वाईट झालं. नव्या कुत्र्याबरोबर मी तीन ते पाच मिनिटांच्या वर जात नाही, आणि त्याला अजून हवं असतानाच थांबतो. दहातले आठ प्रयत्न बरोबर येईपर्यंत पायरी चढवत नाही. लागोपाठ दोनतीनदा चुकला तर गुपचूप एक पायरी उतरतो. कुत्र्याला न रागावता.

कडक इस्त्री

सगळं ठीक, पण शेवटी कुत्र्याला मालक कोण ते दाखवावंच लागतं. कळपात एक अल्फा, म्हणजे म्होरक्या, असतो आणि बाकीचे त्याचं ऐकतात. मनाचंही तसंच. लाड केले की डोक्यावर बसतं. मी पहाटे पाचला उठतो, मन काय म्हणतं ते विचारत नाही.

तळटीप

इस्त्रीसाहेब, पहाटे उठता त्याबद्दल आदर आहे. पण अल्फाची गोष्ट जिथून आली तिथेच मागे घेतली गेली. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांवर लिहिलं. कोंडलेली परकी जनावरं, त्यामुळे मारामाऱ्या आल्याच. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना घराघरात नेली. त्याच मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे राज्यासाठी लढाई नसते, घर चालवणं असतं.

तुमच्या डोक्यात जो मालक आणि जो कुत्रा आहे ते दोघं एकाच पिंजऱ्यात कोंडलेले परके असतील तर भांडतीलच की.

कडक इस्त्री

शेवटचं वाक्य आवडलं नाही, पण लक्षात राहील.

उंबरठा

शिट्टी यांच्या "तिन्ही जिने एकदम" ला +१. माझा अनुभव गिटारचा.

चार वर्षं गिटार कपाटावर, पिशवीत, चेन लावून. दर वाढदिवसाला निश्चय: रोज एक तास. घरी कुत्रा नाही, पण बहिणीच्या कुत्र्याला "लोळ" शिकवताना बघितलं होतं. आधी मान वळली की शाबासकी, मग खांदा टेकला की, मग एक कूस. ती म्हणाली, लोळणं अशी एक गोष्टच नाही, सात गोष्टींची माळ आहे. तेव्हा वाटलं, आपण तासभर वाजवणं ही एकच गोष्ट धरून बसलोय.

गिटार पिशवीतून काढून खोलीच्या मधोमध स्टँडवर ठेवली. पहिल्या आठवड्यात काम एवढंच: उचलायची, एकदा छेडायची, ठेवायची. लाज वाटली, पण सातही दिवस झालं. मग चार मिनिटांचा टायमर. माझा शत्रू म्हणजे एफ बार कॉर्ड, ज्यात पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. मी कॉर्ड वाजवणंच सोडलं. आधी नुसतं बोट आडवं ठेवून सगळ्यात बारीक दोन तारा स्वच्छ वाजतात का ते बघायचं. वाजल्या की तोंडाने मोठ्याने "हं". माझा क्लिकर तोच. मग बोट किंचित कडेवर कलवायचं, तिसरी तार, हं. तो "हं" त्याच क्षणी आला की हाताला कळतं, नंतर "आज बरं झालं" म्हटलं की काही कळत नाही. हा फरक मला शब्दांत नीट सांगता येत नाहीये, करून बघा.

शेवट कायम येणाऱ्या कॉर्डवर. फसलेल्यावर गिटार कधी खाली ठेवायची नाही.

तिरकस

घरातल्या बाकीच्यांना त्या "हं" चं काय वाटतं?

उंबरठा

नवरा कालपासून भांडी लावताना "हं" म्हणतोय. चिडवतोय की प्रशिक्षण चालू आहे, कळायला मार्ग नाही.

नखरेल

आयडीवर जाऊ नका, मला नखंच नाहीत. म्हणजे नव्हती. तीस वर्षं खाल्ली.

कडू लेप, चिकटपट्टी, आईचा धपाटा, सगळं झालं. एकदा कुणीतरी सांगितलं की "उडी मारू नकोस" हे कुत्र्याला शिकवताच येत नाही, "बस" शिकवता येतं. बसलेला कुत्रा पाहुण्यांच्या अंगावर उडी मारू शकत नाही. नको ते काढून टाकण्यापेक्षा त्याच्या जागी बसेल असं काहीतरी द्या. नंतर कळलं की माणसांसाठी हे १९७३ मध्येच झालंय. अझ्रिन आणि नन यांनी नखं खाणं, अंगाला येणारे झटके अशा सवयींवर हीच पद्धत वापरली.

त्यातला अवघड भाग मूठ आवळणं नाही, लक्षात येणं आहे. मी चार दिवस काहीही थांबवलं नाही, नुसतं बघितलं. हात तोंडाकडे जातो त्याच्या कितीतरी आधी अंगठा बाकीच्या बोटांच्या टोकांवरून फिरत खरखरीत कड शोधतो. कड सापडली की पुढचं सगळं आपोआप. म्हणजे माझी बेल तिथे वाजत होती! मग अंगठा फिरायला लागला की मूठ बंद, मिनिटभर. आणि खिशात कानस, कारण कडच राहिली नाही तर अंगठ्याला शोधायला काही उरत नाही.

तळटीप

नखरेल, भारी निरीक्षण. वर्तनशास्त्रात ऑग्डेन लिंड्सली यांची "मेलेल्या माणसाची कसोटी" म्हणून एक गंमत आहे. जे मेलेला माणूसही करू शकतो ते वर्तन नव्हे. "नखं न खाणं" मेलेल्याला उत्तम जमतं. "फोन न बघणं", "न चिडणं" हेही. मूठ आवळणं जमत नाही. आपले बहुतेक संकल्प या कसोटीवर लावून बघा, मजा येते.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. पण एक मोठं भोक आहे, त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये.

भुरीच्या खाऊचा डबा खुर्चीताईंच्या हातात आहे. माझा डबा माझ्याच हातात आहे! परीक्षेचा अभ्यास करत होते तेव्हा ठरवलं, एक तास अभ्यास, मग मालिकेचा एक भाग. पहिल्या दिवशी जमलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज डोकं दुखतंय, आधी भाग बघू, मग दोन तास करू. तिसऱ्या दिवशी तीन भाग. कुत्र्याच्या गळ्यात खाऊची पिशवी बांधून त्याला "बस" म्हणण्यासारखं आहे हे.

तिरकस

हेच तर मी म्हणत होतो, फक्त इतकं चांगलं म्हणता आलं नाही.

शिट्टी

रात्रपाळी, भोक खरं आहे, आणि ते पूर्ण बुजतं असं मी म्हणणार नाही. पण कुत्र्यांच्या बाबतीतही निम्मं काम खाऊचं नसतंच. चपला चावणाऱ्या पिल्लाच्या घरी माझा पहिला सल्ला असतो, चपलांचं कपाट बंद ठेवा. लोक हिरमुसतात, त्यांना जादू हवी असते. पण जे कृत्य घडलंच नाही त्याचा सराव होत नाही, आणि कुत्रा ज्याचा सराव करतो त्यातच तरबेज होतो. उंबरठा यांनी गिटार कपाटावरून खाली आणली, तेव्हा अर्धं प्रशिक्षण तिथेच झालं होतं.

तळटीप

रात्रपाळींच्या मुद्द्यात भर घालतो. डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलं की जे आपण एरवी आपण होऊन जास्त करतो ते, जे कमी करतो त्याचं बक्षीस म्हणून चालतं. "आधी अभ्यास, मग खेळ" म्हणणाऱ्या आज्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. पण फायदा असा की बाहेरून नवा खाऊ आणायची गरज नाही, फक्त क्रम बदलायचा. तुमचं अडलं कारण मालिकेचा भाग हाताशी होता आणि अभ्यासाचा तास लांब होता. तास दहा मिनिटांवर आणला असतात तर कदाचित डबा तितका लवकर फुटला नसता.

बक्षिसाबद्दल एक इशाराही देतो, नाहीतर तिरकस म्हणतील मी पक्षपाती आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निसबेट यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना अचानक, न सांगता बक्षीस मिळालं त्यांचं तसं झालं नाही. म्हणजे जे मुळात गोड लागतंय त्यावर वरून साखर टाकू नका. उंबरठा यांनी गिटारसाठी स्वतःला काही विकत घेऊन दिलं नाही, स्वच्छ वाजलेली तार हेच बक्षीस ठेवलं. ते बरोबर केलं असं मला वाटतं.

आणि हो, ब्रेलंड दांपत्यानेच १९६१ मध्ये स्वतःच्या अपयशांवर एक निबंध लिहिला. रॅकून नावाच्या प्राण्याला डब्यात नाणं टाकायला शिकवलं. एक नाणं असेपर्यंत ठीक. दोन दिली तर तो ती सोडेचना, एकमेकांवर घासत बसायचा, डब्यात बुडवून पुन्हा बाहेर काढायचा, एखाद्या कंजूस सावकारासारखा. खाणं धुतल्यागत चोळायची त्याची जात, ती खाऊपेक्षा भारी पडली. तेव्हा सगळं सगळ्यांना शिकवता येतं, हा दावा या विद्येच्या जनकांचाही नाही.

तिरकस

त्या रॅकूनसाठी हा धागा सार्थकी लागला.

रात्रपाळी

दहा मिनिटांचं करून बघते. मात्र फोनचं काय करायचं? त्यात तर खाऊ कधी येईल सांगता येत नाही, म्हणून जास्तच ओढ.

शिट्टी

जेवताना टेबलाशी भीक मागणारा कुत्रा आठवा. रोज मिळत असेल तर एक दिवस न मिळाल्यावर तो लवकर नाद सोडतो. कधीतरीच मिळत असेल तर तो चिवट होतो, कारण पुढचा घास आपला असू शकतो. फोन तसाच आहे. वीसदा बघून एकदा काहीतरी छान निघतं.

आणि एक सांगून ठेवतो, म्हणजे घाबरणार नाही. घास देणं पूर्ण बंद केलं की पहिले काही दिवस भुंकणं कमी होत नाही, वाढतं. जोरात, नव्या नव्या सुरात, पंजा मारून. हा शेवटचा जोर असतो. लोक नेमके इथे वैतागून एक तुकडा टाकतात आणि कुत्रा शिकतो की पाच दिवस टिकून भुंकायचं असतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवलात की चौथ्यापाचव्या दिवशी तो तुम्हाला अगदी महत्त्वाच्या कारणासाठी लागेल. कारण खरं वाटेल. बघा.

रात्रपाळी

दुसऱ्याच दिवशी लागला. "हवामान बघायचं होतं." खिडकी समोर होती.

नखरेल

खुर्चीताई, तुमची रात्रीची खरडपट्टी वाचून एक विचारायचं होतं. अपराधी वाटणं थोडं तरी उपयोगी नसतं का? चूक केल्यावर कुत्रीही तोंड पाडून बसते की.

तळटीप

याचं उत्तर मला फार आवडतं. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर प्रयोग केला. मालक "खायचं नाही" सांगून बाहेर जायचा. तो नसताना कधी कुत्रा खाऊ खायचा, कधी नाही, आणि परत आलेल्या मालकाला कधी खरं सांगितलं जायचं, कधी खोटं. ते पडलेलं तोंड, चोरटी नजर कुत्र्याने खाल्लंय की नाही यावर ठरत नव्हती. मालक रागावला की नाही यावर ठरत होती. आणि न खाता बोलणी बसलेल्या कुत्र्यांचं तोंड तर जास्तच पडलेलं.

म्हणजे तो चेहरा चुकीची कबुली नसतो, समोरच्या रागाला दिलेलं उत्तर असतं. रात्री अकराला आपल्याला जे वाटतं तेही बऱ्याचदा तसंच असावं, असा माझा तर्क. हा शेवटचा भाग प्रयोगाचा नाही, माझा.

अजून एक, जरा अंधारं. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांच्या १९६७ च्या प्रयोगात कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले. नंतर बुटका अडथळा ओलांडून सुटता येत होतं तरी बरीच कुत्री पडून राहिली. प्रयोग क्रूर होता. पण पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. ती कुत्री खाऊ दाखवून, हाका मारून उठेनात, तेव्हा पट्ट्याने ओढून त्यांना अडथळ्यापलीकडे न्यावं लागलं, एकदा नाही, अनेकदा. मग ती आपणहून ओलांडू लागली. या दोघांनीच २०१६ मध्ये आपला सिद्धांत उलटा केला: हतबलता शिकली जात नाही, सतत त्रास झाला की ती आपोआप येते. शिकावं लागतं ते हे, की आपल्या हालचालीने काहीतरी बदलतं.

कोपऱ्यातली खुर्ची

हे वाचून थोडा वेळ लॅपटॉप मिटून बसले होते. मेलचा ढीग बघून मी पडून राहते ते आळसाने, असंच आजवर धरून चालले होते.

असो. शिट्टीदादा, मी ठरवलंय की सकाळी एक मेल झाल्याशिवाय भुरीला फिरायला न्यायचं नाही. ती पट्टा तोंडात धरून दाराशी बसते, तिला नाही म्हणवत नाही. म्हणजे डबा तिच्याकडे!

शिट्टी

कल्पना गोड आहे पण करू नका. तुमचं चुकलं की शिक्षा तिला. तिचं फिरणं तिच्या हक्काचं. ते वेठीला धरू नका.

उलटं करा. फिरून आल्यावर तुम्ही तिचे पाय पुसत असाल ना? शेवटचा पाय पुसून झाला की फडकं दोरीवर, आणि तिथूनच थेट खुर्चीत. तेव्हा तीही शांत असते, तुम्हीही. फडकं दोरीवर टाकणं ही तुमची बेल. आणि पहिला आठवडा उत्तर द्यायचंच नाही. चार मिनिटं मेलची पेटी उघडी ठेवून बसायचं, झालं.

कडक इस्त्री

उत्तर न देता नुसतं बसायचं? मग फायदा काय?

शिट्टी

चटईकडे नुसतं बघितल्यावर भुरीला खाऊ दिला होता, त्याचा जो झाला तोच.

नखरेल

आणि एखादा दिवस चुकला तर? माझ्या ॲपमध्ये सलग ५८ दिवसांची साखळी तुटली तेव्हा मी ॲपच काढून टाकलं.

तळटीप

फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला होता, ते संशोधन २०१० मध्ये छापून आलं. सवय अंगवळणी पडायला मध्यम आकडा ६६ दिवस निघाला, पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. २१ दिवसांत सवय लागते असं जे सांगतात त्याला यात आधार नाही. तुमचे ५८ दिवस तुमच्याजवळच आहेत, ॲपला काय कळतंय.

कोपऱ्यातली खुर्ची

तीन आठवड्यांनी येतेय. उशिराबद्दल क्षमस्व.

पहिला आठवडा: फडकं, खुर्ची, चार मिनिटं, उत्तर नाही. सहा दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी एका सोप्या मेलला उत्तर द्यावंसं वाटत होतं तरी दिलं नाही. मला मेल लिहावीशी वाटतेय, हे पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

दुसरा आठवडा: रोज एक सोपी मेल. पाठवली की मोठ्याने "झालं" आणि वहीत पेन्सिलीची रेघ. भुरी आता "झालं" ऐकलं की कान टवकारते, कारण त्यानंतर मी तिच्याजवळ जमिनीवर बसते. कोण कोणाला शिकवतंय देव जाणे.

तिसऱ्या आठवड्यात माती खाल्ली. इतकं छान चाललंय म्हणून पाच मेलवर उडी मारली, आणि त्यात ते एक नाव होतं ज्याला सात महिने उत्तर दिलेलं नाही. सोमवारी दोन झाल्या. मंगळवारी ते नाव दिसलं आणि लॅपटॉप मिटला. बुधवारी फडकं दोरीवर टाकलं आणि दुसऱ्याच खोलीत गेले. रात्री अकराला जुनं भजन सुरू झालं होतं, पण तीनचार ओळींनंतर माझंच मला हसू आलं आणि झोपले.

पुढे काय करू?

शिट्टी

पाचवरून एकावर या. सोपी मेल.

ते नाव आठवडाभर फक्त उघडायचं, वाचायचं, बंद करायचं. उत्तर द्यायचं नाही. तेही सोप्या मेलच्या आधी, म्हणजे शेवट जमणाऱ्यावर होईल. वाचून छातीत धडधडत असेल तर अर्धंच वाचा.

भुरीचं कुठवर आलं?

कोपऱ्यातली खुर्ची

खरी बेल, ओळखीचा माणूस: दहातून सात वेळा चटईवर. खरी बेल, अनोळखी माणूस: अजून नाही. काल एक पाय ठेवला होता.